गुरुवारचं पाणी

आत्यांनी पुडी सोडली, चिमूटभर राख हौदातल्या पाण्यावर भुरभुरली आणि हात जोडले.

"पी गं बाई," त्या चंद्रीला म्हणाल्या.

चंद्रीनं मान पुढं केली, पाणी हुंगलं, आणि मग प्यायला लागली ती थांबेचना. तिच्या गळ्याखालून एकेक घोट उतरताना दिसत होता. बाकीच्या गाई दाव्याला ओढ देऊन आपापली पाळी मागत होत्या.

"बघितलंस?" आक्का माझ्याकडं वळल्या. "हा तिसरा गुरुवार. अंगारा पडला की जनावर पितंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता म्हण, हौदाला काय झालं न्हाई म्हणून."

मी पाण्याकडं बघत होते. राखेबरोबर कोळशाचा एक बारीक काळा खडा पडला होता. तो तरंगत चंद्रीच्या नाकाशी आला, तिच्या श्वासानं मागं सरला आणि पुन्हा पुढं आला.

या गोष्टीला सोळा-सतरा वर्षं झाली. लग्न होऊन मी बोरगव्हाणला नुकती आले होते. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. घरात आम्ही चौघं: आत्या, मामा, माझा नवरा रणधीर आणि मी. आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळं मामांना त्यांनीच वाढवलं होतं. त्या वर्षातून एकदा राहायला यायच्या आणि त्या आल्या की मामा घरात धाकटे व्हायचे.

मी आल्यावर थोड्याच दिवसांत गोठ्यातल्या गाईंनी हौदाचं पाणी सोडलं. तोंड लावायच्या आणि चटका बसल्यासारखं मागं घ्यायच्या. दूध कमी झालं. डॉक्टर येऊन जिभा, हिरड्या, ताप बघून गेले. हौद उपसला, घासला, चुना लावला. पाणी चांगलं होतं, कारण तेच पाणी प्लास्टिकच्या बादलीतून दिलं की गाई पीत. पण सहा गाईंना दिवसभर बादलीनं पाणी पाजणार कोण? मामा पाजत होते. त्यांची पाठ धरली होती.

पाणी चांगलं, हौद चांगला, जनावरं चांगली. मग घरात नवीन काय आलं? मी आले.

हे आक्कांनी पहिल्याच दिवशी मोजून काढलं होतं. त्या वाईट बोलत नसत, हिशेब मांडल्यासारखं बोलत. "पोरगी गुणाची हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण पायगुण हा काय कुणाच्या हातातला असतोय?" अंगाऱ्यानं गुरुवारी उतार पडतो आणि शुक्रवारी पुन्हा बाधा होते, याचा अर्थ त्यांच्या लेखी सरळ होता: बाधेचं मूळ घरातच राहतंय. ते काही दिवस लांब गेलं पाहिजे.

बुधवारी मामांनी माझ्या वडिलांना मिरजेला फोन केला होता. "पोरीला थोडे दिवस घेऊन जावा." रविवारी अप्पा यायचे होते. आमच्या मिरजेच्या गल्लीतली एक मुलगी अशीच थोड्या दिवसांसाठी माहेरी आली होती. तिची ट्रंक मागाहून टेंपोनं आली.

त्या गुरुवारी आक्का विजयी चेहऱ्यानं घरात गेल्या, आत्या त्यांच्यामागं चहा टाकायला गेल्या. मी गोठ्यातच राहिले. मला एक गोष्ट बघायची होती: अंगाऱ्याचा उतार नेमका कधी संपतो. रात्री, की सूर्य मावळल्यावर, की राख बुडाल्यावर? हसू येईल, पण दुसरं काही सुचत नव्हतं आणि मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

चंद्रीनंतर दोघी-तिघी प्याल्या. उन्हं कलली. चंद्री पुन्हा हौदाशी आली, नाक पाण्यात घातलं, दोन घोट घेतले. आणि एकदम मान वर फेकली. पाण्याचे थेंब माझ्या तोंडावर उडाले.

मी तिच्याकडं बघितलं. मग तिच्या डोक्यावर. गोठ्यातला बल्ब लागला होता. शेजारच्या चक्कीचा पट्टा फटफटत सुरू झाला होता.

लाईट आली होती.

आमच्या गावाला गुरुवारी दुरुस्तीसाठी सकाळपासून लाईट नसायची. सगळ्या गावाला माहीत होतं. गुरुवारी दळण न्यायचं नाही, हे तर मला आल्या-आल्या सांगितलं होतं.

मी चपला काढल्या, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिले आणि हौदात हात घातला. काही नाही. जरा वेळ ठेवला. तरी काही नाही. पण माझ्या हाताचं कातडं आणि गाईचं ओलं नाक सारखं थोडंच असतं? आणि ती चार पायांवर उभी असते, जन्मभर अनवाणी.

स्वयंपाकघरात आत्या चहा गाळत होत्या. मी हळूच सांगितलं.

"आत्या, गाय पाण्याला भीत नाही. करंटला भितेय. लाईट आली तशी तिनं तोंड मागं घेतलं."

त्यांचा हात थांबला. त्यांनी आधी पडवीकडं बघितलं, जिथं आक्का बसल्या होत्या.

"लाईट आली तवा?" त्यांनी विचारलं.

"त्याच क्षणाला."

त्यांनी गाळणीतली चहापत्ती झटकून टाकली. मग म्हणाल्या, "मग शोध की. पण आक्काम्होरं बोलू नगंस. सापडल्यावर बोल."

मला वाटलं होतं, त्या अंगाऱ्याची बाजू घेतील. त्यांनी घेतली नाही, आणि माझ्या डोक्यात इतकं काही चाललं होतं की मी त्याचा विचार केला नाही.

अप्पांचं मिरजेत मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथंच असायची. पुढं आयटीआयला वायरमनचा कोर्स केला. वर्गात मुलगी मी एकटीच. त्यामुळं पहिल्यांदा काय करायचं ते मला ठाऊक होतं. घरातलं एकेक बटण बंद करून बघितलं. मिक्सर, टीव्ही, फ्रिज, पंखे, न्हाणीतला गिझर. सगळं बंद केलं तरी चंद्री पाण्याला तोंड लावेना.

"क्लँप मीटर पाहिजे," मी रणधीरला म्हटलं. तो दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर कामाला होता. तिथल्या इलेक्ट्रिशियनकडं एक असणारच.

"ते खेकड्यासारखं असतंय ते?"

"तेच. वायर तोडायची नाही, सोलायची नाही. जबडा उघडायचा, वायर आत घ्यायची, मिटायचा. वायरीतनं किती करंट चाललाय ते दिसतं."

शुक्रवारी दुपारी तो मीटर घेऊन आला. चांगला दणकट होता, त्याचा जबडा मनगट मावेल एवढा. कॉम्प्रेसरच्या जाड केबली मोजायला ठेवलेला. मी पडवीतल्या मीटरबोर्डाशी गेले. मेन स्विचमधून घरात दोन वायरी जात होत्या, एक लाल, एक काळी. मी दोन्ही एकत्र जबड्यात घेतल्या आणि मिटला.

शून्य.

आक्का मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काय निघालं?"

"शून्य."

"म्हणजे वायरीत लाईट न्हाई म्हणतंय व्हय तुझं यंत्र? अन् वर पंखा फिरतोय." त्यांनी पंख्याकडं बोट केलं. "गं पोरी, मला शाळा न्हाई, पण एवढं कळतंय."

रणधीर हसू दाबत म्हणाला, "आक्का, एकेक वायर धरली तर आकडा येतोय. दोन्ही धरल्या की खोडला जातोय. म्हणजे बरोबरच हाय सगळं."

"मग बरोबरच असंल," आक्का म्हणाल्या. "म्हणजे मी म्हणत होते तेच."

तो बिचारा माझी बाजू घ्यायला गेला होता आणि आक्कांचंच म्हणणं पक्कं करून आला. मी मीटर बंद केला. पण तो शून्य मला पटला नव्हता. आकडा ज्या रांगेत दिसत होता ती रांग चारशे अँपिअरची होती. तिच्यात सगळ्यात बारीक घर अँपिअरच्या दहाव्या हिश्श्याचं. गाईच्या नाकाला झोंबणारा करंट त्याच्याहून कितीतरी खाली असू शकतो. तो शून्य म्हणजे 'नाही' नव्हतं. 'मला दिसत नाही' असं तो मीटर म्हणत होता.

मी परसात जाऊन अप्पांना फोन लावला.

"अप्पा, रविवारी येताना क्लँप आणा."

पलीकडं त्यांनी दुकानातली मोटार बंद केली. मग, "वैजू, मी तुला न्यायला येतोय. मोटार दुरुस्त करायला न्हाई."

"ठाऊक आहे. तरी आणा."

"कुठला आणू? दुकानात तीन हायत."

"रोजचा नको. तसला इथं बघितला. शून्य दाखवतो."

"केवढा हाय त्यो?"

"चारशेचा."

"मग दुसरं काय दाखवंल? कारखान्याच्या वजनकाट्यावर जिरं तोलायला ठेवलंस तू." त्यांच्या आवाजात आता दुकान आलं होतं. "दुसरा एक डीसीचा हाय. बॅटरीवाल्यांचा."

"तो नको. घरातलीच लाईन आहे. मला लीकेजचा पाहिजे, गळणारा करंट मिलीअँपिअरमध्ये दाखवणारा."

"त्यो नाजूक हाय बाई. मोठ्या मोटारीजवळ नेलास की येड्यासारखे आकडे दावतोय."

"मोटारीजवळ नेत नाही. पण जबडा केवढा आहे त्याचा? अर्धा इंची पाइप मावला पाहिजे."

"पाइप?"

"पाइप."

"वायर न्हवं?"

"वायरही. पण शेवटी पाइप."

अप्पा हसले. त्या आठवड्यात कुणाचंतरी पहिलं हसू मी ऐकलं. "आणतो," ते म्हणाले. "पण तुझी पिशवी भरून ठेव. मामांना मी शब्द दिलाय."

रविवारी सकाळी अप्पा आले तेव्हा माझी पिशवी दाराशी ठेवलेली होती. ती तिथं आक्कांनी ठेवली होती. अप्पांनी आत्यांच्या हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा दिला, मामांशी पाऊसपाण्याचं बोलले. दोघंही एकमेकांच्या डोळ्यांकडं बघत नव्हते.

"चहा घ्या अन् उन्हाच्या आत निघा," आक्का म्हणाल्या. "पोरीला काही कमी केलेलं न्हाई हितं, हे मात्र तुमी तिला इचारून घ्या."

मी मामांसमोर गेले. "मामा, निघायच्या आधी मला थोडा वेळ द्या. एक बघायचं राहिलंय."

मामांनी आक्कांकडं बघितलं. आक्का काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, "भाकरी व्हायच्यात अजून. पाव्हणा न जेवता जाणार हाय का?"

"बघ मग," मामा म्हणाले.

अप्पांनी आपल्या पिशवीतून मीटर काढून माझ्या हातात दिला आणि बाजूला भिंतीला टेकून हाताची घडी घातली. मी त्यांच्याकडं बघितलं, तर म्हणाले, "मी पाव्हणा हाय."

हा मीटर लहान होता. मी आधी त्याचा जबडा नुसता हवेत मिटला. जवळजवळ शून्य. जबड्याच्या दोन्ही टोकांवर धूळ नाही ना ते पदरानं पुसून घेतलं, कारण तिथं केसाएवढी फट राहिली तरी हा मीटर खोटं बोलतो. मग मेन स्विचमधून निघालेल्या त्या दोन्ही वायरी आत घेतल्या. मिटला.

अडतीस.

आकडा एकदा सदतीसवर गेला, पुन्हा अडतीस झाला आणि थांबला.

"किती?" मामांनी विचारलं.

"अडतीस मिलीअँपिअर. मामा, घरात जेवढा करंट एका वायरीनं आला, तेवढाच दुसरीनं परत गेला पाहिजे. दोन्ही एकत्र धरल्या की येणारा आणि जाणारा एकमेकाला खोडतात, शून्य दिसतं. परवाच्या मोठ्या मीटरला वाटलं शून्यच आहे. पण थोडा कमी परत जातोय."

मामा बसल्या जागेवरून मीटरकडं वाकून बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "म्हणजे चरायला सोडलेली सगळी जनावरं सांजला परत येईनात."

"तसंच."

"मग चुकलेलं जनावर कुठं जातंय?"

"तेच बघायचंय."

मामा उठले. पाठ धरलेला माणूस इतक्या लवकर उठला, हे आक्कांच्याही लक्षात आलं.

आम्ही बोर्डावरचे फ्यूज एकेक करून काढायला लागलो. मामा काढायचे, मी आकडा वाचायची. स्वयंपाकघराचा काढला: अडतीस. माडीचा काढला: अडतीस. गोठ्याचा काढला.

"गोठ्याचाच असणार," रणधीर म्हणाला.

अडतीस.

उरला न्हाणीचा. मामांनी तो उपसला आणि माझ्या हातातला आकडा एकदम विझला.

"न्हाणीत काय हाय?" आक्का म्हणाल्या. "एक दिवा, अन् त्यो गिझर."

"पण गिझरचं बटण बंदच आहे," रणधीर म्हणाला. "वैजूनंच परवा बंद करून बघितलेलं."

तेच मला कळत नव्हतं. मी मामांना न्हाणीचा फ्यूज परत बसवायला सांगितला, न्हाणीत गेले, गिझरचा बोर्ड उघडला, टेस्टर लावला. बटण बंद असताना सुद्धा गिझरच्या आतल्या वायरीला टेस्टर पेटत होता. म्हणजे बोर्ड बसवताना वायरींची अदलाबदल झाली होती. बटण येणाऱ्या वायरीवर नव्हतं, परत जाणाऱ्या वायरीवर होतं. बटण बंद केलं की पाणी तापायचं थांबायचं. गिझर मात्र दिवसरात्र जिवंत राहायचा. बोअरच्या जड पाण्यानं आतली कॉइल खराब होऊन करंट बाहेर गळत होता.

"पण न्हाणीत कुणाला झटका कसा बसला न्हाई?" मामांनी विचारलं.

"तोटी प्लास्टिकची आहे. आणि गळतोय तो करंट इथं थांबत नाही."

गिझरच्या अंगातून एक हिरवी वायर निघाली होती. अर्थिंगची. ती खिडकीतून बाहेर जात होती. मी बाहेर गेले. सगळे मागोमाग आले. हिरवी वायर भिंतीवरून खाली उतरली होती आणि लोखंडी नळाच्या पाइपाला तीन वेढे देऊन, पक्की गाठ मारून बांधली होती. मी तिच्यावर क्लँप लावला. छत्तीस.

तो पाइप भिंतीच्या कडेनं सरळ गोठ्याकडं जात होता.

हौदाशी मी गुडघ्यावर बसले. जिथं पाइप हौदात शिरतो तिथं मीटरचा जबडा उघडला. जेमतेम बसला. अप्पा पहिल्यांदा भिंत सोडून पुढं आले. जन्मभर मोटारींच्या कॉइल भरणाऱ्या त्या माणसानं पाण्याच्या पाइपाला क्लँप लावलेला बघितला नव्हता.

"एकोणतीस," मी वाचलं.

चंद्री आमच्याकडं बघत रवंथ करत होती.

"ती गाठ माझी हाय," मामा म्हणाले.

आमच्या गावात सगळे तसंच करतात. अर्थिंगला वेगळा खड्डा खणायचा, त्यात मीठ, कोळसा भरायचा, हे कोण करतंय? पाइप शेवटी जमिनीतच जातो, त्याला वायर बांधली की झालं. मामांनी गिझर स्वतः बसवला होता. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि ती गाठ खरंच चांगली होती. सुटायला मला पक्कड लागली.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं होतं. त्यांचं डोकं कधीच मंद नव्हतं. "एक मिनिट," त्या म्हणाल्या. "गिझर कधी आणला?"

मामा चंद्रीची पाठ थोपटायला लागले.

"लग्नानंतर आणला न्हवं? कुणासाठी आणला? आमी जलमभर चुलीवरच्या पाण्यानं न्हालो. म्हणजे ही आली म्हणून गिझर आला, गिझर आला म्हणून गाईंनी पाणी सोडलं." त्या माझ्याकडं वळल्या, आणि त्यांच्या आवाजात रागही नव्हता, नुसती खात्री होती. "म्हंजी मी काय येगळं म्हणत होते?"

त्यांच्या साखळीतली एकही कडी खोटी नव्हती. तेवढ्यात आत्या परातीतलं पीठ हाताला तसंच घेऊन दारात आल्या.

"गिझर हिनं मागितला न्हवता, आक्का. मी आणला. मिरजेची पोरगी, म्हटलं, आमच्या हिवाळ्यात गारठंल." त्यांनी मनगटानं कपाळावरचा केस मागं सारला. "म्हणजे पायगुण माझा. आता मला धाडता का माहेराला? पिशवी हितंच दारात भरलेली हाय. फकस्त माझ्या भावजया घेतील का, ते आधी फोन लावून इचारा."

अप्पा खोकले. रणधीरनं तोंड फिरवलं. मामांनी कितीतरी दिवसांनी मान वर केली, बायकोकडं बघितलं आणि हसले.

गिझरच्या वायरी आम्ही बोर्डातूनच काढून टाकल्या. हिरवी वायर सोडवली. मग मामांनी उरलेले फ्यूज परत बसवले, मेन चालू केला आणि भर उन्हात गोठ्यातला बल्ब मुद्दाम लावला.

चंद्रीनं हौदाकडं बघितलं. आम्ही सगळे तिच्याकडं बघत होतो, ते तिला आवडलं नसावं. तिनं आधी शेपटी झाडली, मग इकडंतिकडं बघितलं. नाक पाण्यापर्यंत नेलं आणि थांबली. पाण्याला न शिवता नुसती हुंगत राहिली. माझ्या हातात क्लँप होता आणि मला तो पाइपाला लावून बघायचं धाडस होत नव्हतं.

मग तिनं जिभेचं टोक पाण्याला लावलं. पुन्हा लावलं. आणि पूर्ण तोंड बुडवलं.

"गुरुवारचा अंगारा अजून हौदात हाय," आक्का म्हणाल्या. "गुण यायचाच."

"असंल," अप्पा म्हणाले.

मामा दाराशी गेले, माझी पिशवी उचलली, आत नेऊन आमच्या खोलीत ठेवली आणि येऊन अप्पांना म्हणाले, "चला पाव्हणं, हात धुवा. भाकरी गार व्हायल्यात."

दुसऱ्या दिवशी आक्का निघाल्या. त्यांच्या एसटीची वेळ झाली होती, रणधीर गाडी बाहेर काढत होता. पडवीत चप्पल घालता घालता त्या म्हणाल्या, "वयनी, तो अंगारा थोडा बांधून द्या. आमच्या म्हशीला द्यायचाय. अन् माझा गुडघा हाय त्यालाही लावीन. कुठल्या देवाचा ते तुमी सांगितलं न्हाई कधी, पण गुरुवारी चालतोय म्हणजे दत्ताचाच असणार."

"वैजू, आण गं," आत्या म्हणाल्या.

मी देवघरात गेले. हळदीकुंकवाचे करंडे होते, कापूर होता, उदबत्त्या होत्या. अंगारा नव्हता. फडताळ बघितलं. तिथंही नव्हता. मागं वळले तर आत्या आल्या होत्या. त्यांनी देवघराकडं बघितलंही नाही. सरळ चुलीपाशी बसल्या, जुन्या कॅलेंडरचा कागद फाडला आणि उलथन्यानं राख ओढायला लागल्या.

मी बघतच राहिले.

"दार लोट," त्या म्हणाल्या.

मी लोटलं. "आत्या, हाच अंगारा?"

"मग दुसरा कुठला?"

"पण गुरुवारी गाई..."

"गुरुवारी गाई आधीपास्नं पीत होत्या. मी काही टाकत न्हवते तवापास्नं." त्या राख चाळत होत्या. "एका गुरुवारी प्याल्या. म्हटलं, असंल. दुसऱ्या गुरुवारी पुन्हा प्याल्या. का पितात ते मला कळत न्हवतं. लाईटीचं माझ्या ध्यानात आलं न्हाई, ते तुझं. पण गुरुवारी पितात एवढं पक्कं झालं. तवर आक्का आल्या आणि पायगुण, पायगुण सुरू झालं. तुझ्या मामांना त्यांच्याम्होरं बोलता येत न्हाई. मला त्यांना काहीतरी दाखवायला पाहिजे होतं. हौदाची बाधा हाय, उतारा पडतोय, म्हटल्यावर आक्का तीन आठवडे थांबल्या. न्हाईतर पयल्याच रविवारी तुझी पिशवी दारात गेली असती."

"मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू आक्कांम्होरं गालात हसली असतीस. तुझा चेहरा सगळं सांगतोय." त्यांनी कागद घडी घातला, पुन्हा उघडला, बोटानं राख पसरली आणि एक काळा खडा उचलून चुलीत टाकला. "गेल्या खेपेला एक कोळसा गेला हौदात. तुला दिसला. मी बघत होते तुझ्याकडं. म्हटलं, आता ही इचारतीय."

"मी पाण्याकडं बघत होते."

"ते बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पुडी माझ्या हातात दिली.

बाहेर रणधीरनं हॉर्न वाजवला. मी पडवीत आले. आक्कांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली, डोळे मिटून कपाळाला लावली. मग माझ्याकडं बघितलं. काय वाटलं कुणास ठाऊक, पुडी माझ्यापुढं धरली.

"तू पण लाव. राहिलीस हितं, त्याचाच गुण समज."

दारात आत्या उभ्या होत्या, हाताला राख तशीच.

मी पुडी घेतली आणि कपाळाला लावली.